लाल लघवी आणि पिवळे डोळे

वाचकांचे प्रश्न : टीबीच्या गोळ्या आणि घरातली शुश्रूषा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की टीबीची गोळी देणं सोपं, पण ती सहा महिने रोज पोटात जाते की नाही हे बघणं अवघड. त्यावर बरीच पत्रं आली. काही रुग्णांची होती, पण बहुतेक त्यांची काळजी घेणाऱ्यांची. मी छातीच्या रोगांच्या वॉर्डात २६ वर्षं नर्स होते आणि शेवटची चार वर्षं बाह्यरुग्ण विभागात गोळ्या देण्याच्या टेबलावर. मी डॉक्टर नव्हे. डोस बदलायचा की औषध थांबवायचं, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. रात्रंदिवस रुग्णाजवळ असणाऱ्याने काय बघायचं, ते मी सांगू शकते. पत्रांतली नावगावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : सासऱ्यांना परवापासून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांची लघवी लाल-केशरी झाली. ‘माझं रक्त चाललंय, मी गोळी घेणार नाही,’ म्हणून हटून बसलेत. काय करू?

त्यांना सांगा, रक्त नाही, औषधाचा रंग आहे. गोळ्यांमध्ये रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं, त्याची पूडच विटकरी लाल असते. शरीरातून जिथून जिथून पाणी बाहेर पडतं, तिथे तो रंग उतरतो. लघवीत जास्त दिसतो, पण घाम, थुंकी आणि डोळ्यांतल्या पाण्यालाही केशरी झाक येते. पांढऱ्या बनियनच्या काखेत डाग पडतील, ते धुऊन जातीलच असं नाही. कुणी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर त्या कायमच्या रंगतात, म्हणून औषध चालू असेपर्यंत चष्मा घालावा. गोळी घेतल्यावर पहिले काही तास रंग गडद असतो, संध्याकाळपर्यंत फिका होत जातो. रिफाम्पिसिन चालू आहे तोवर हे चालायचंच.

हे मी आज इतक्या सहज सांगतेय, पण शिकले एका माणसाचं नुकसान करून. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. चाळिशीचा एक ड्रायव्हर. त्याला मी गोळ्या दिल्या, वेळ सांगितली, उपाशीपोटी घ्या म्हणाले, पुढची तारीख कार्डावर लिहून दिली. रंगाचं सांगायचं राहून गेलं. मागे रांग होती. तो तीन महिन्यांनी परत आला तेव्हा वजन उतरलेलं, बेडक्यात रक्त. गोळ्या का सोडल्या विचारलं, तर मान खाली घालून गप्प. बऱ्याच वेळाने बोलला. लघवी लाल झाली म्हणजे आपल्याला ‘तसला’ काही रोग झाला, असं त्याला वाटलं होतं. लाजेपोटी बायकोलाही सांगितलं नाही, दवाखान्यात कुठून सांगणार? त्याने चारच दिवस गोळ्या घेतल्या होत्या.

तेव्हापासून पहिली गोळी हातावर ठेवतानाच मी म्हणत असे, ‘उद्या लघवी लाल होईल. नाही झाली तर मला येऊन सांगा.’ या वाक्याचा दुहेरी फायदा होतो. रुग्ण घाबरत नाही, आणि गोळी खरंच गिळली जातेय की गालात धरून नंतर खिडकीबाहेर जातेय, तेही कळतं. खिडकीबाहेर गेलेल्या गोळ्या मी बऱ्याच पाहिल्यात.

आता सूनबाई, तुमच्यासाठी एक गोष्ट. सगळाच गडद रंग औषधाचा नसतो. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट दिसू लागली, दिवसभर तशीच राहिली, आणि त्याबरोबर सासऱ्यांची अन्नावरची वासना उडाली, तर तो रंग काविळीचा असू शकतो. रिफाम्पिसिनच्या नेहमीच्या डोसने डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होत नाही. शंका आली की डोळे बघा. लघवीत रक्ताच्या गाठी पडत असतील किंवा दुखत असेल, तर तीही वेगळी गोष्ट आहे, तपासून घ्या. मूत्रपिंडालाही टीबी होतो.

प्रश्न : आईला गोळ्या घेतल्या की मळमळतं, कधी उलटी होते. दवाखान्यात ‘असं होतंच’ म्हणाले. उपाशीपोटीच द्यायच्या का? उलटी झाली तर परत द्यायच्या का?

पहिले काही आठवडे मळमळ, पोटात ढवळणं, तोंडाला चव नसणं हे खरोखर बऱ्याच जणांना होतं. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही औषधं रिकाम्या पोटी चांगली शोषली जातात. खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी, असा नियम त्यासाठीच आहे. पण नियम पाळण्याच्या नादात गोळ्याच बंद पडणार असतील तर तो काय कामाचा? डॉक्टरांना विचारा आणि थोड्या हलक्या खाण्याबरोबर देऊन बघा, नाहीतर रात्री झोपताना द्या. मळमळ झोपेत निघून जाते. शोषण थोडं कमी होईल, पण पोटात न गेलेल्या गोळीचं तर काहीच शोषलं जात नाही. सकाळी दोन, दुपारी एक, रात्री एक अशी वाटणी मात्र मनाने करू नका. ही औषधं एकदम घेतली की रक्तात त्यांचं प्रमाण पुरेसं चढतं. ॲसिडिटीचं पातळ औषध देणार असाल तर टीबीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. त्यातल्या काही औषधांतलं ॲल्युमिनियम आयसोनियाझिडला नीट शोषू देत नाही.

उलटी झाली तर घड्याळ बघा आणि, किळस वाटली तरी, उलटीत गोळी दिसते का तेही बघा. किती वेळाने झाली आणि गोळी दिसली का, या दोनच गोष्टी फोनवर सांगा. परत द्यायची की नाही ते दवाखान्यातून सांगतील. अंदाजाने दुसरा डोस देऊ नका.

आता ‘असं होतंच’बद्दल. हे वाक्य मीही हजारदा बोलले असेन, आणि एकदा ते मला फार जड गेलं. एक बाई पाचव्या आठवड्यात आली. म्हणाली, सिस्टर, उलट्या होतात, जेवण बघवत नाही. मी म्हणाले, या औषधांनी असं होतंच, थोडं खाऊन घेत जा. ॲसिडिटीची गोळी दिली आणि पुढच्याला हाक मारली. चार दिवसांनी तिची लेक तिला हाताला धरून घेऊन आली. डोळे हळदीसारखे पिवळे. तिला लिव्हरची सूज आली होती आणि त्या दिवशी ती मला ते सांगायलाच आली होती. मी ऐकलं नाही.

चूक कुठे झाली हे नंतर नीट समजलं. पहिल्या आठवड्यात, गोळीनंतर तासाभरात मळमळणं वेगळं. सुरुवातीला बरं चाललेलं असताना मध्येच भूक मरणं, गोळीच्या वेळेशी संबंध नसताना दिवसभर मळमळणं, अंगातला जीव गेल्यासारखं वाटणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, हे वेगळं. चार मुख्य औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. इथॅम्ब्युटॉल सहसा देत नाही. कावीळ दिसण्याच्या आधी काही दिवस भूक जाते. भूक गेल्यावर पकडलं तर लवकर पकडलं, डोळे पिवळे झाल्यावर पकडलं तर उशीर झाला.

डोळे दिवसाच्या उजेडात बघायचे, खिडकीपाशी. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा लपतो. खालची पापणी ओढून बघण्याने रक्त कमी आहे का ते कळतं. काविळीसाठी वरची पापणी उचलून रुग्णाला खाली बघायला सांगा आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग बघा. पिवळा दिसला तर पुढचा डोस देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ‘सोमवारी तारीख आहेच’ म्हणून थांबू नका.

तिथे रक्त तपासतात. त्रास होत असेल आणि लिव्हरचं एन्झाइम नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून वर गेलं असेल, किंवा काहीच त्रास नसताना पाचपटीहून वर असेल, तर औषधं थांबवतात. सूज उतरली की एकेक औषध, काही दिवसांच्या अंतराने, परत सुरू करतात आणि कुठलं चालत नाही ते शोधतात. म्हणून थांबवलेल्या गोळ्या फेकू नका, आणि ‘आईला टीबीचं औषध सोसत नाही’ असा शिक्काही मारू नका. त्या बाईंचं तसंच केलं. तीन आठवडे गेले, पण कोर्स पुरा झाला. शेवटच्या दिवशी माझ्याशी गोड बोलली. लेक मात्र नाही बोलली, आणि तिचं बरोबरच होतं.

दारू या काळात थेंबभरही नको. पॅरासिटामॉल मनाने घेऊ नका. कुणी आणून दिलेली ‘शक्तीची’ चूर्णं, गोळ्या, काढे यांचं नाव डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नका. त्यांतली काही लिव्हर बिघडवतात आणि दोष टीबीच्या औषधावर जातो.

प्रश्न : गोळ्या सुरू झाल्यापासून गुडघे आणि खांदे दुखतात. वय फक्त ३१.

पायराझिनामाइड. त्याने शरीरातलं युरिक ॲसिड लघवीवाटे कमी बाहेर पडतं, त्यामुळे सांधे दुखतात. हे औषध सहसा पहिल्या दोन महिन्यांपुरतंच असतं, ते थांबलं की दुखणंही थांबतं. डॉक्टर साधी वेदनाशामक गोळी देतील. एखादाच सांधा लाल, गरम होऊन टम्म सुजला तर लगेच दाखवा. एरवी यासाठी उपचार सोडू नका. नुसत्या रिपोर्टात युरिक ॲसिड वाढलेलं दिसलं आणि दुखत काही नसेल, तर घाबरू नका.

प्रश्न : मला मधुमेह आहे. दीड महिन्यापासून टीबीची औषधं घेतोय. तळपायांना मुंग्या येतात, रात्री जळजळतं. साखरही वाढलीय. साखरेमुळे मुंग्या की गोळ्यांमुळे?

काका, दोन्ही असू शकतं, म्हणून डॉक्टरांना आज कळवा. आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी-६ जीवनसत्त्व, म्हणजे पायरिडॉक्सिन, कमी पडतं आणि नसांना इजा होते. सुरुवात पायाच्या बोटांपासून होते, मग मोजे घातल्यासारखा बधिरपणा वर चढत जातो. मधुमेह, दारू, कुपोषण, मूत्रपिंडाचा आजार, एचआयव्ही, गरोदरपण, अंगावर पाजणं, यांपैकी काही असेल तर धोका जास्त. अशांना सुरुवातीपासून रोज १० ते २५ मिलिग्रॅम बी-६ देतात. तुमच्या पुडीत ती छोटी गोळी आहे का, बघा. बरेच जण तिला ‘साधी व्हिटॅमिनची गोळी’ म्हणून बाजूला ठेवतात. तीच तर नसा सांभाळते! मुंग्या सुरू झाल्यावर डोस वाढवावा लागतो, पण तो डॉक्टरांनी. बी-६ फार मोठ्या प्रमाणात, फार दिवस घेतलं तर त्यानेही नसाच बिघडतात.

आता साखर. रिफाम्पिसिन लिव्हरला इतर औषधं भराभर निकालात काढायला लावतं. साखरेच्या काही गोळ्यांचं तसंच होतं, त्यांचा परिणाम कमी पडतो. शिवाय टीबीसारख्या आजारात साखर तशीही वर जाते. त्यामुळे साखर अधिक वेळा तपासा आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. टीबीचा कोर्स संपल्यावर साखरेच्या गोळ्यांचा परिणाम परत वाढतो, तेव्हा साखर एकदम खाली जाऊ शकते. त्या महिन्यात पुन्हा तपासा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनाही हेच लागू.

आणि रात्री जळजळतं म्हणून पाय गरम पाण्यात बुडवू नका. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. मी एका रुग्णाच्या तळव्यावरचे फोड दोन महिने ड्रेसिंग करून बरे केलेत. टीबी त्याआधी आटोक्यात आला.

प्रश्न : वडील म्हणतात, टीव्ही धुरकट दिसतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल का? तपासायला पुढच्या महिन्यात नेणार आहे.

पुढच्या महिन्यात नको, आजच न्या. चार औषधांपैकी इथॅम्ब्युटॉल क्वचित डोळ्याच्या नसेला सूज आणतं. नजर धुरकट होते, लाल-हिरव्यातला फरक पुसट होतो, कधी नजरेच्या मधोमध डाग दिसतो. डोस जास्त असेल किंवा मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर शक्यता वाढते. वेळेत औषध थांबवलं तर नजर बहुधा परत येते, उशीर झाला तर येईलच असं नाही. तुमच्या गोळ्या एकत्रित असतील, म्हणजे एकाच गोळीत चार औषधं, तर त्यातून एकटं इथॅम्ब्युटॉल घरी काढता येत नाही. म्हणून पुढच्या डोसच्या आत डॉक्टरांना गाठा.

इतरांसाठी सांगते. आम्ही वॉर्डात एक साधी गोष्ट करत असू. छापील मजकुराचा एकच कागद, एकच अंतर, एक डोळा हाताने झाकायचा आणि दुसऱ्याने वाचायचं. मग डोळा बदलायचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं पाप झाकतो. लाल आणि हिरव्या झाकणाच्या दोन बाटल्या समोर धरून रंग विचारायचे. आठवड्यातून एकदा, दोन मिनिटांचं काम. लहान मुलं धुरकट दिसतंय असं सांगू शकत नाहीत, त्यांच्या बाबतीत वस्तू चाचपडणं, जवळ जाऊन बघणं यावर लक्ष ठेवायचं.

प्रश्न : अंगाला खाज सुटते. औषध बंद करू का?

नुसती खाज असेल, अंगावर काही उठलं नसेल, तर खाजेची गोळी घेऊन बहुधा कोर्स चालू राहतो. विचारून घ्या. पुरळ उठलं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. पुरळाबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सुटणं, ओठ-चेहरा सुजणं यांतलं काही असेल तर औषध बंद आणि तडक रुग्णालय, मध्यरात्र असली तरी. कातडीखाली जांभळे ठिपके उठले किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तरी हेच. रिफाम्पिसिनने कधीतरी रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि तसं झालं तर ते औषध त्या माणसाला पुन्हा देत नाहीत.

प्रश्न : (नाव छापू नये) मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. आता टीबीची औषधं सुरू झालीत. याबद्दल मला कुणी काही सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, वर साखरेच्या गोळ्यांबद्दल लिहिलं तेच कारण. कोर्सभर आणि तो संपल्यावर आणखी चार आठवडे निरोध किंवा तांबी यांसारखा दुसरा उपाय हवा. दिवस गेलेच तर घाबरून टीबीची औषधं थांबवू नका, ही चार औषधं गरोदरपणात देतात. उपचार न घेतलेला टीबी आई आणि बाळ दोघांनाही जास्त धोक्याचा. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन मात्र टाळतात, त्याने बाळाच्या कानावर परिणाम होऊ शकतो. अंगावर पाजणाऱ्या आयांनीही पाजणं थांबवू नये. रिफाम्पिसिनची केशरी झाक दुधातही येते, त्याला भिऊ नका.

प्रश्न : नवऱ्याला फुफ्फुसाचा टीबी आहे. घरच्यांनी त्यांचं ताट-वाटी वेगळी केली, कपडे वेगळे धुतात, कुणी जवळ बसत नाही. पण खोलीची खिडकी मात्र कायम बंद, कारण ‘गार हवा लागेल’. बरोबर आहे का हे?

अगदी उलटं चाललंय. टीबी हवेतून पसरतो. खोकताना, बोलताना बाहेर पडणारे सूक्ष्म थेंब बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ताटातून, कपड्यांतून, हात धरल्याने टीबी होत नाही. ताट एकत्र करा आणि खिडकी उघडा! पहिले दिवस त्यांनी मास्क लावावा, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, बेडका झाकणाच्या भांड्यात टाकावा. जंतू औषधांना दाद देणारे असतील आणि गोळ्या रोज जात असतील, तर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची शक्यता खूपच कमी होते. तुमच्यासाठी नेमका दिवस डॉक्टर सांगतील.

वेगळं करण्याची सवय जुनी आहे. एके काळी टीबीच्या माणसाला दूर आरोग्यधामात ठेवत. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्रात काही रुग्णांना घरी आणि काहींना आरोग्यधामात ठेवून तीच औषधं दिली आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त टीबी झाला नाही. घरच्यांना खरा धोका होता तो निदान होण्याआधीच्या दिवसांतला. तुमच्या घरातले ते दिवस होऊन गेलेत. म्हणून आता ताटं मोजण्याऐवजी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालचं मूल असेल तर आधी त्याची. टीबी नाही हे ठरलं की त्याला प्रतिबंधक औषध देतात.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा. दोन महिन्यांत वजन वाढलं, खोकला गेला. आता म्हणतो, ‘मी बरा झालो, चार महिने कशाला?’ गेल्या आठवड्यात दोन दिवस गोळ्या चुकवल्या.

या पोरांपुढे मी हात टेकलेत. आजारी माणूस गोळी मागून घेतो, बरं वाटणारा माणूस टाळतो. पहिले दोन महिने चार औषधं असतात, ती भराभर वाढणारे जंतू मारतात आणि त्याने बरं वाटतं. मागे उरतात ते सुस्त पडलेले जंतू. ते औषधाला पटकन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी पुढचे चार महिने. मध्येच सोडलं की तेच जागे होतात, आणि या वेळी औषधाला न जुमानणारे असू शकतात.

मी त्याला स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट सांगितली असती. टीबीवरचं पहिलं खरं औषध. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. सुरुवातीला रुग्ण झपाट्याने सुधारले, सगळ्यांना वाटलं जिंकलो. मग त्यांतल्या बऱ्याच जणांच्या जंतूंवर औषध चालेनासं झालं आणि आजार उलटला. एकटं औषध पुरत नाही हे तिथे कळलं, म्हणून आज मुठीत एवढ्या गोळ्या येतात. अर्धवट औषध घेणारा माणूस तीच चूक स्वतःच्या छातीत पुन्हा करतो.

चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर लगेच द्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट देऊ नका, नेहमीचा डोस द्या आणि दवाखान्यात कळवा. रागावू नका त्याच्यावर. रागावलं की पुढच्या वेळी चुकवतात आणि वर लपवतात. तो गोळी घेताना तुम्ही समोर बसा, स्वतःची बीपीची गोळी असेल तर तीही तेव्हाच घ्या. आणि वजन वाढलंय ते दवाखान्यात सांगा. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, वजन वाढलं तर डोस बदलू शकतो.

प्रश्न : मानेच्या गाठीचा टीबी. दोन महिने औषध नियमित घेतलं, तरी गाठ मोठी झाली. औषध लागू पडत नाही का?

तसंच असेल असं नाही. जंतू मरताना शरीराची प्रतिकारशक्ती जोरात कामाला लागते आणि गाठ काही काळ वाढते, कधी नवीनही येते. दाखवा जरूर, कारण जंतू औषधाला दाद देत नाहीत का ते बघावं लागतं. मधल्या काळात गोळ्या चालू ठेवा आणि गाठ दाबून, शेकून बघू नका.

प्रश्न : आई आजारी आहे, मी एकटीच बघते. मागच्या लेखात तुम्ही ‘वही ठेवा’ म्हणालात. वहीत नेमकं काय लिहू? आणि ती हल्ली खूप चिडते, मलाही रडू येतं.

ताई, आधी चिडण्याचं. आजारपणाची चिडचिड असतेच, पण आयसोनियाझिडने काहींची झोप आणि मन बिघडतं. आई भलतंच बोलू लागली, कुणीतरी मागे लागलंय असं म्हणू लागली, किंवा जगायचं नाही असं बोलली, तर तो स्वभाव समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि तिला एकटं ठेवू नका. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी सायक्लोसेरिन चालू असेल तर याबाबत आणखी जागरूक राहा. आणि तुमचं रडू येणं: आठवड्यातली एक दुपार दुसऱ्या कुणावर तरी सोपवा. गोळी देऊन झाल्यावर दोन तास दुसरा माणूस बसला तर काही बिघडत नाही. तुम्हाला स्वतःला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तुमचीही तपासणी करून घ्या. काळजी घेणाऱ्या बाया हे नेहमी शेवटी करतात.

वही साधी ठेवा. रोज एक ओळ. गोळी किती वाजता, उलटी झाली का, जेवण पूर्ण की अर्धं, डोळे पांढरे की पिवळे. आठवड्यातून एकदा वजन, त्याच काट्यावर, आणि डोळ्यांचं वाचन. नवीन काही दुखलं तर कुठल्या दिवशी सुरू झालं ते. जेवणाचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. सलग तीन दिवस ‘अर्धं, अर्धं, नाही’ असं दिसलं की तुम्ही दवाखान्यात जा, आणि तिथे कुणी ‘असं होतंच’ म्हणालं तर वही उघडून ते तीन दिवस दाखवा. माझ्या त्या बाईकडे अशी वही असती तर मलाही मान वर करून बघावं लागलं असतं.

फक्त निघताना ती पिशवीत टाकायला विसरू नका. माझ्या टेबलापर्यंत येणाऱ्यांपैकी निम्म्यांची वही घरीच राहिलेली असायची.